शांततेचं बिल

नाशिकमध्ये पूर्वी गप्प बसणाऱ्याला पैसे मिळत. थट्टा नाही, दगडात कोरलेलं आहे. पांडवलेणीच्या दहा नंबरच्या लेण्यात जाऊन बघा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि वर 3,000 कार्षापणांची ठेव ठेवली. ठेव कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, खायचं ते व्याजच. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना त्यातून वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं 240 आणि वीस जणांचे बारा-बारा मिळूनही होतात 240. हिशोब पैशाला पैसा जुळतो. आजच्या प्रत्येक पतसंस्थेच्या ताळेबंदाबद्दल इतक्या छातीठोकपणे बोलवत नाही.

भिक्षू कुठल्या पंथाचा, कुठून आला, हेही उषवदाताने विचारलं नाही. चारी दिशांकडून या, पावसाळाभर राहा, शांत बसा. कपड्यांचं आम्ही बघतो.

त्या लेण्यातली खोली म्हणजे काय? तीन बाजूंनी कातळ, आत एक दगडी ओटा, समोर एक दार. दार लोटलं की अंधार. पंखा नाही, पंखा नाही म्हणून कुरकुर नाही. आता तीच खोली फायबरची झाली आहे, तिच्यात खारट पाणी भरलं आहे, झाकणाला बिजागरी बसवली आहे आणि पैसे उलट्या दिशेने वाहू लागले आहेत. गप्प बसणाऱ्याला मिळणं बंद, गप्प बसणाऱ्याने भरणं सुरू.

या खोलीचं नाव फ्लोट टँक. मला तिची बातमी भाचीकडून लागली. ती एका मोठ्या शहरात मोठ्या कंपनीत आहे आणि तिथे ताण घालवणं हीसुद्धा वेळापत्रकात बसवायची गोष्ट असते.

“आत्या, तुला काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं पडून राहायचं.”

“आणि त्याचे पैसे?”

“ते मी भरलेत.”

नुसतं पडून राहण्याचे पैसे भरल्याचं मी आजवर फक्त हॉस्पिटलच्या बिलात वाचलं होतं.

टाकीचं शास्त्र सोपं आहे. पाणी वीतभराहून थोडं जास्त. त्याचं तापमान आपल्या त्वचेइतकं, म्हणजे 34-35 अंश सेल्सिअस, त्यामुळे काही वेळाने ना गार लागतं ना गरम. त्या एवढ्याशा पाण्यात अर्ध्या टनाच्या आसपास एप्सम मीठ विरघळवलेलं. पाणी इतकं जड होतं की माणूस बुडायचं ठरवून गेला तरी वर येतो. ज्यांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं गेलं, त्या माझ्या पिढीला हा मोठाच अपमान वाटेल. दिवा मालवायचा, कानात बोळे घालायचे, तासभर पडून राहायचं. डोळ्यांना काम नाही, कानांना नाही, त्वचेला नाही, पाठीला तर नाहीच नाही.

हे एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. नाव ऐकून निफाड-पिंपळगावकडची मंडळी हसली असतील. द्राक्षवेलीच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडायला लागला की कृषी सेवा केंद्रातून ज्याची गोणी आणतात, ते हेच. वेलीला ते ठिबकमधून देतात, माणसाला टाकीतून. टाकीतलं मीठ जास्त शुद्ध असतं हे मान्य. पण दिंडोरीच्या एखाद्या बागायतदाराला सांगून बघा, की शहरातली माणसं अर्धा टन मॅग्नेशियम सल्फेटमध्ये तासभर लोळायला काही हजार मोजतात. तो शांतपणे एवढंच विचारील, “घड किती लागतात?”

प्रश्न रास्त आहे. हे मीठ त्वचेतून अंगात मुरतं आणि स्नायू सैल करतं, असं जाहिरातींत हमखास असतं. त्याला भक्कम पुरावा नाही. मिठाचं खरं काम हमालीचं. ते आपल्याला उचलून धरतं. बाकीचं काम अंधार करतो आणि दार करतं.

मी गेले. आधी अंघोळ, मग सूचना. अंगावर कुठे खरचटलं असेल तर मलम लावा, डोळ्यांना हात लावू नका. मग झाकण बंद. पहिल्यांदा जाणवतं ते नखाजवळचं कातडं कुठे कुठे निघालंय. मग हळूहळू पाठ कुठे संपते आणि पाणी कुठून सुरू होतं हे कळेनासं होतं. स्वतःच्या छातीतली धडधड शेजारच्या खोलीतून यावी तशी ऐकू येते. आणि मग, इंद्रियांनी सुट्टी घेतलीय हे बघून, मन कामावर हजर होतं. गॅसचा कॉक. बँकेचं केवायसी. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात मी जे बोलले ते. नणंद त्यावर जे बोलली ते. तेव्हा मी बोलायला हवं होतं पण सुचलं नाही ते. टाकीत ते सगळं सुचलं, एकाहून एक सरस, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

बरं वाटलं का? वाटलं. मान अशी मोकळी झाली की ती इतकी वर्षं आखडलेली होती हे तेव्हा कळलं. शास्त्रज्ञांचंही याबाबतीत फार वेगळं मत नाही. अमेरिकेत टल्सा इथल्या एका मेंदूसंशोधन संस्थेने चिंता आणि ताणाचे विकार असलेल्या 50 जणांना तासभर तरंगवलं आणि त्यांची त्या वेळची चिंता उतरल्याचं 2018 साली प्रसिद्ध केलं. पन्नास माणसं, एक तास. एवढ्यावरून मोक्षाची जाहिरात करू नये, पण थापा म्हणून उडवूनही लावू नये.

माझा संशय वेगळाच आहे. त्या तासाभरात फोन लॉकरमध्ये होता आणि दार आतून बंद होतं. घरी दुपारी डोळे मिटले की पाच मिनिटांत कुणीतरी येऊन “झोपलीस का?” विचारतं. हा प्रश्न नेहमी झोपलेल्या माणसालाच विचारतात. मग रिमोट कुठाय, कुरिअरवाल्याला ओटीपी कोण सांगणार, साखरेचा डबा भरला का. टाकीत यातलं काही पोचत नाही. मला वाटतं, निम्मे पैसे मिठाचे असतील, निम्मे कडीचे. आणि कडी तर आपल्या घरातही आहे. ती लावायचा धीर मात्र टाकीवाला देतो, कारण पावती त्याच्याकडची असते. पैसे भरून पडलेल्या बाईला कुणी आळशी म्हणत नाही.

आता या टाकीची जन्मकथा बघा, म्हणजे पैसे कधी उलटे फिरले ते कळेल. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना एका खोलीत पलंगावर नुसतं पडून राहायला सांगितलं. डोळ्यांवर धूसर चष्मे, हातांवर मोजे आणि पुठ्ठ्याची नळकांडी, कानांशी उशी. काम काही नाही. मजुरी दिवसाला 20 डॉलर. बाहेर कुठल्याही कामात मिळाली असती त्याच्या दुपटीहून जास्त. तरी दोन-तीन दिवसांपलीकडे फारसं कुणी टिकलं नाही. रिकाम्या डोळ्यांपुढे चित्रं नाचू लागली. एकाला तर पाठीवर पोती घेतलेल्या खारींची मिरवणूक दिसली. बाहेरून काही दिसेना तर मेंदूने आतल्या आतच मिरवणूक काढली. त्याला नाशिकला आणायला हवं होतं. इथे मिरवणूक बघायला इतका त्रास पडत नाही.

त्याच सुमारास, 1954 साली, अमेरिकेत जॉन लिली नावाच्या डॉक्टरने माणसाला पाण्याच्या टाकीत सोडलं. बाहेरचं सगळं काढून घेतलं तर मेंदू झोपतो की जागा राहतो, हे त्याला बघायचं होतं. मेंदू जागा राहतो असं निघालं. लिलीसाहेब पुढे डॉल्फिनशी गप्पा मारायच्या मागे लागले, पण टाकी मागे उरली. 1970 च्या दशकात ती विक्रीला आली आणि कंपनीने तिचं नाव ठेवलं समाधी टँक. म्हणजे उषवदाताच्या काळी बसणाऱ्याला वस्त्र मिळे, हेबच्या काळी वीस डॉलर मिळत, आणि शांततेवर कंपनीचा शिक्का पडल्यावर बसणाराच गिऱ्हाईक झाला.

यावर कुणी म्हणेल, बाई, परवडत नसेल तर नका जाऊ. बरोबर. पण मला जे विकलं जातंय ते कायद्याने माझ्याच मालकीचं आहे, त्याचं काय? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून लागू आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, तिथे दिवसा 50, रात्री 40. फुकट. पावती नाही, व्हाउचर नाही, झाकण नाही. नुसतं या देशात राहायचं.

आणि प्रत्यक्षात? रुग्णालयाबाहेर शांतता क्षेत्राचा फलक असतो. पुढच्या गाडीमुळे तो नीट वाचता येत नाही म्हणून मागचा हॉर्न वाजवतो. वर्षातले पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याची मुभा नियमांतच आहे. ते पंधरा दिवस कुठले, हे गल्लीतलं प्रत्येक मंडळ आपापलं ठरवतं. पंधरा गुणिले मंडळं असा हिशोब केला तर वर्ष पुरत नाही. उषवदाताचा हिशोब जुळत होता. हा जुळत नाही.

म्हणजे फुकटची शांतता गल्लीत कुणी मिळू द्यायची नाही आणि मग तीच डबाबंद करून आपल्याला विकायची. पाण्याच्या बाबतीत हे आपण एकदा पाहिलंय. नळाचं पाणी पिण्यालायक ठेवायचा कंटाळा आला की बाटल्यांचा धंदा तेजीत येतो. शांततेची बाटली आली आहे. सोयीसाठी ती माणूसभर लांब केली आहे, एवढंच.

कुणी मला आवाजाची वैरीण समजू नये. ज्या गावाचा ढोल देशभर त्या गावाच्याच नावाने ओळखला जातो, तिथे राहून आवाजाशी वैर परवडत नाही. शिवाय आमच्या गावाची स्वतःची टाकी आहे आणि ती या फ्लोट टँकच्या अगदी उलट टोकाची. रहाड. जुन्या नाशकातल्या चौकाचौकांत पेशवेकालीन दगडी हौद आहेत, आठ-दहा फूट खोल. वर्षभर ते लाकडं टाकून, माती पसरून बुजवलेले असतात. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात. नवख्याला पत्ता लागत नाही. रंगपंचमीला ते उघडतात, रंग कालवतात, पूजा होते, मानाचा माणूस पहिली उडी घेतो आणि मग पोरं धपाधप. त्याला म्हणतात धप्पा मारणं. शनि चौक असो की तिवंधा, ज्या रहाडीचा जो रंग तोच. अंगावरून तो दिवस दिवस जात नाही.

तिथे डोळ्यांत रंग, नाकात रंग, कानात ढोल, डोक्यावर दुसऱ्या कुणाची तरी टाच. इंद्रियांना सुट्टी सोडा, ओव्हरटाइम असतो. पण बाहेर निघालेल्या माणसाचा चेहरा बघा. ताण नावाला उरलेला नसतो. पैसे किती? वर्गणी दिली तर दिली.

रहाडीतली शहाणीव अशी, की ती उघडते वर्षातून एकदाच. बाकीचे दिवस ती बुजलेली असते आणि तिच्यावरून व्यवहार मुकाट चालतो. जुन्या लोकांना कळलं होतं की धुमाकुळाला तळघरात ठेवायचं आणि त्याचा दिवस आला की झाकण काढायचं. आपण नेमकं उलटं केलं. धुमाकूळ वर्षभर रस्त्यावर मोकळा सोडला आणि झाकणाखाली माणसाला घातलं.

फुकट शांततेची नाशिक जिल्ह्यातली दुसरी शाखा इगतपुरीला आहे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून 1969 मध्ये विपश्यना शिकवायला भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली. दहा दिवस. पहाटे चारची घंटा. फोन पहिल्याच दिवशी जमा. बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, वाचायचं नाही, लिहायचंही नाही. अकराला जेवण, नव्या साधकाला संध्याकाळी चहा-फळं, रात्रीचं जेवण नाही. पगोड्यात एकेकट्याने बसायच्या छोट्या अंधाऱ्या खोल्या आहेत, त्यांना शून्यागार म्हणतात. पांडवलेणीतला भिक्षू तिथे आला तर त्याला मुक्काम हलवल्यासारखंही वाटणार नाही.

शुल्क शून्य. आधी बसून गेलेल्यांनी दिलेल्या दानावर पुढच्यांचं भागतं, म्हणजे उषवदाताची ठेव वेगळ्या वहीत पुढे चालू आहे. राज्य सरकारसुद्धा आपल्या कर्मचाऱ्यांना त्यासाठी रजा देतं. कामाच्या वेळात मौन पाळणारे सरकारी कर्मचारी तसे आपल्याला ठाऊक आहेत, पण हे मौन अधिकृत.

तिथे कुणी ‘रिलॅक्स’ होण्याचं आश्वासन देत नाही, हे मला विशेष आवडतं. उलट गुडघे दुखणार, मन पळणार, ते बघत बसा, असं आधीच सांगतात. टाकीवाला म्हणतो तासाभरात हलके व्हाल. धम्मगिरीवाले म्हणतात पहिले तीन दिवस नुसता श्वास बघा, पुढचं पुढे. एकाकडे गिऱ्हाईक जातं, दुसऱ्याकडे उमेदवार. खोट एकच. दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि मग घरी आलेला माणूस मौनाबद्दल तीन महिने बोलतो. त्याच्या घरच्यांसाठी वेगळं शिबिर काढलं पाहिजे.

पण प्रत्येकाला दहा दिवस काढता येत नाहीत. लहान मूल आहे, दुकान आहे, अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. त्यांनी काय करायचं? पूर्वी ते गोदाकाठी जाऊन बसत, तपोवनात झाडाखाली बसत. 2027 च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून तपोवनातल्या झाडांवर कुऱ्हाड चालवायचा प्रस्ताव आला आणि 2025 च्या अखेरीला नाशिककरांना रस्त्यावर उतरून ओरडावं लागलं. तपोवन शांत राहावं म्हणून घोषणा द्याव्या लागतात, यात या शहराची सगळी तब्येत आली. तप करणाऱ्यांच्या सोयीसाठी वन काढायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला फ्लोट टँकमध्ये थोडा जास्त वेळ ठेवावं.

1840 साली सुरू झालेलं आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे कुणी मोठ्याने बोललं तर अजून चार चष्मे वर होतात. मला ही मोठी सुरक्षा वाटते. पण एवढ्या शहराला चार चष्मे किती पुरणार?

तेव्हा प्रश्न पैशांचा नाहीच. पैसे नाशकात आहेत. त्यांची दिशा चुकली आहे. आजचे उषवदात भरपूर आहेत आणि दानशूरही आहेत. चौकात त्यांचे फ्लेक्स बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वतःच्या, खाली शुभेच्छुकांचे पन्नास चेहरे. त्यांच्या देणगीवर डीजेची भिंत उभी राहते, जिच्या आवाजाने समोरच्या घरातलं भांड्यांचं कपाट जागेवरून सरकतं. उषवदाताने एकदाच दिलं, दगडात लिहिलं आणि नाव दोन हजार वर्षं टिकवलं. फ्लेक्स पुढच्या वाढदिवसापर्यंत टिकत नाही, दुसराच कुणी त्यावर आपला लावतो. प्रसिद्धी म्हणून बघितलं तरी हा धंदा आतबट्ट्याचा.

म्हणून या दात्यांना एक सूचना. प्रत्येक प्रभागात एक खोली बांधा. टाकी नको, मीठ नको, फायबर नको. जाड भिंती, एक बाक, एक दार, आतून कडी. एका वेळी एक माणूस, अर्धा तास, फोन बाहेर. जात, धर्म, पक्ष विचारायचा नाही. बाई आली तर घरी स्वयंपाक झाला का, हे तर अजिबात विचारायचं नाही. ठेव बँकेत ठेवा, मुद्दलाला हात लावू नका, व्याजातून झाडूवाल्याचा पगार आणि दिव्याचं बिल भागवा. दारावर तुमच्या वडिलांचं नाव घाला, हवं तर तुमचंही. पुढच्या दोन हजार वर्षांत कुणीतरी सदर लिहिणारी येईल आणि तुमचा हिशोब जुळतो का ते तपासून बघेल.

उद्घाटनाला ढोल जरूर वाजवा, तो आपलाच आहे. फक्त खोलीच्या बाहेर वाजवा आणि दहाच्या आत आवरा.